कापसाच्या खोलीतली चूल

एका कवेलूखाली दोन चुली पेटत नसतात. कामून, ते विचारायचं नाही.

सौंसरच्या त्या घरातल्या बाकीच्या नियमांना निदान काहीतरी वाकडंतिकडं कारण होतं. तिन्हीसांजेला केर काढला की लक्ष्मी जाते, उंबऱ्यावर शिंकलं की काम अडतं. या एका नियमाला मात्र कारणच नव्हतं. प्रतिभानं लहानपणी एकदा विचारून पाहिलं होतं, तेव्हा मोठेबाबांनी, म्हणजे तिच्या वडिलांच्या थोरल्या भावानं, दादारावांनी, हातातला अडकित्ता खाली ठेवला होता. मोठेबाबा अडकित्ता खाली ठेवत ते फक्त मयतीत आणि रागात. त्या दिवशी घरात कोणी मेलेलं नव्हतं, म्हणून प्रतिभानं पुन्हा विचारलं नाही. (मनात विचारत राहिली. मनात विचारायला त्या घरात बंदी नव्हती, कारण तसं कोणी करत असेल हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.)

घर आजोबांनी बांधलेलं. वर एकच लांबलचक कवेलूंचं छप्पर, खाली मधोमध एक भिंत. भिंतीच्या एका बाजूला मोठेबाबांचं बिऱ्हाड, दुसऱ्या बाजूला प्रतिभाच्या वडिलांचं, भाऊरावांचं. ही भिंत छपरापर्यंत मात्र गेली नव्हती. माणसाच्या डोक्याच्या जराशी वर जाऊन ती दमून थांबली होती. आजोबांचं म्हणणं असं, की भावाभावांत हवा खेळती राहावी. हवा खेळतच होती. तिच्याबरोबर फोडणीचा वास, म्हाताऱ्यांचा खोकला, मोठेबाबांच्या मुलाचं, सुधाकरचं, घोरणं आणि पलीकडं आपल्याबद्दल चाललेलं बोलणं, असं सगळंच खेळत असे.

वाटणी कधी झालीच नाही. चूल एक, ती मोठ्याआईच्या, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोच्या, सैपाकघरात. सगळे त्याच चुलीवरचं जेवत. भाऊराव होते तोवर कोणाला काही वाटलं नाही. ते गेले, प्रतिभा नागपूरला होस्टेलात राहून बी.ए. करत होती, आणि तिची आई कमल भिंतीच्या या बाजूला एकटी उरली. तेव्हा एक दिवस मोठेबाबांनी तिच्या बाजूच्या रस्त्याकडच्या खोलीत फवारणीचा पंप आणून ठेवला. म्हणाले, चार दिवस राहू दे.

ते चार दिवस काही संपले नाहीत. पंपाला सोबत म्हणून रिकामी पोती आली, पोत्यांवर संत्र्यांच्या पेट्या आल्या, पेट्यांना टेकून मोडका वखर आला. कमलनं कधी काही म्हटलं नाही. म्हणणार काय? वखराला पाय नसतात, तो चालत आला असं कोणी म्हणणार नाही, आणि ज्यानं आणला त्याच्यासमोर तिचा पदर कधी डोक्यावरून खाली आला नव्हता. शेवटी त्या हिवाळ्यात वावरातला सगळा वेचलेला कापूस त्या खोलीत येऊन पडला.

प्रतिभा पदवी घेऊन घरी आली तेव्हा तिच्या वडिलांच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. कापूस आढ्याला भिडायचा बाकी होता. आईची खाट जात्याशेजारी बोळीत.

"आई, हे काय?"

"कापूस पांढरा असतो बाई," कमल म्हणाली. "घाण नाही करत."

प्रतिभाचा विषय अर्थशास्त्र होता. घुसखोरीबद्दल तिच्या पुस्तकात फारसं नव्हतं, पण ही घुसखोरी आहे हे कळायला पुस्तक लागत नव्हतं. आणि तिचं कारणही चार-सहा दिवसांत भिंतीवरून आपसूक खाली पडलं. सुधाकरला त्या खोलीत व्हिडिओ टाकायचा होता. रस्त्याकडची खोली, बाकडी मांडायची, काळा पडदा लावायचा, तिकिटं फाडायची. सौंसरात तेव्हा जो तो व्हिडिओच टाकायचं म्हणत होता. त्यासाठी खोली नावावर पाहिजे होती. म्हणून येत्या शनिवारी भाऊकीचे निवाडे करणारे बोरगावचे यशवंतराव येणार, त्यांच्यासह भाऊकीतली चार मोठी माणसं बसणार आणि माय-लेकींच्या सह्या हक्कसोडीवर घेणार. कमलला लुगडं मिळणार होतं. प्रतिभासाठी पांढुर्ण्याचं एक स्थळही काढून ठेवलं होतं, सह्या झाल्या की लगेच.

"पोट्टी लगन करून जाईन," मोठेबाबांचा आवाज भिंत ओलांडून आला. "अन् कमल तं आपल्यातच खाऊन राहिली. तिले वेगळं घर कायले पाह्यजे?"

प्रतिभा उठली. तिच्या डोक्यात कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेतलं एक अख्खं भाषण तयार होतं (दुसरा क्रमांक), ते भिंतीवर चढून ऐकवावं असा तिचा बेत होता. स्टूलही तिनं ओढलं. तेवढ्यात ओसरीवरून अंबाआजीनं तिचा पदर धरला.

अंबाआजी ही आजोबांची बहीण. या घराची लेक. नवरा लवकर गेला म्हणून माहेरी परतलेली, आणि तेव्हापासून ओसरीच्या कोपऱ्यात एक गोधडी आणि एक तांब्या एवढ्यावर राहत असलेली. तोंडात दात एकही नाही, पण त्यामुळे बोलण्यात काही अडत नसे.

"बस व खाली," आजी म्हणाली. "भाषण कोणाले देऊन राहिली? बुढे आहेत ते. भाषण चालू झालं का झोपतेत."

मग तिनं स्वतःचं सांगितलं. वडील गेले तेव्हा तिच्याकडूनही असाच अंगठा घेतला होता. म्हणाले होते, माहेर कायम राहीन. लुगडं दिलं होतं, हिरवं.

"पहिल्याच धुण्यात रंग गेला त्याचा," आजी म्हणाली. "माहेर कायम आहे. हे काय, ओसरीवर."

प्रतिभा स्टूल सोडून तिच्याजवळ बसली. आजीनं मात्र सूर बदलला नाही. सही मागायला येतात म्हणजे हिस्सा आहे, नसता तर मागितली असती कायले, एवढं तिनं आधी समजावलं. (अर्थशास्त्राच्या तीन वर्षांत हे कोणी इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं.) मग तिनं बोरगावची गोष्ट काढली. तिथं दोघा भावांत घरावरून भांडण लागलं, तेव्हा निवाडा याच यशवंतरावांनी दिला होता. ज्याची चूल वेगळी पेटली आणि त्या चुलीवरचं भाऊकीनं खाल्लं, त्याचा वाटा वेगळा झाला. चुलीवरचं खायचं आणि चूल नाही म्हणायचं, हे चालणार नाही. हा निवाडा बोरगावात अजून सांगत. यशवंतराव स्वतः तर न विचारता सांगत.

दोन चुली का पेटू द्यायच्या नाहीत, याचं कारण प्रतिभाला इतक्या वर्षांनी मिळालं. मग तिनं एक छोटासा निर्णय घेतला. शनिवारी सकाळी आपल्या खोलीत चूल पेटवायची. बस, एवढंच.

एवढ्याशा निर्णयाला किती फाटे फुटतात ते शनिवारी कळलं. पहिला फाटा विटांचा. परसातल्या तीन विटा उचलून तिनं खोलीच्या दारालगत, जिथं कापूस थोडा मागं सरकवता आला तिथं, चूल मांडली. आई पदराचं टोक तोंडात धरून पाहत होती. ती थांबवणार असं वाटलं, पण ती एवढंच म्हणाली, की चुलीचं तोंड दक्षिणेला नसते. प्रतिभानं चूल फिरवली. आता तोंड भिंतीकडं झालं आणि लाकूड घालायला जागा उरली नाही. पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा आईनंच दोन्ही हातांनी विटा जागेवर बसवल्या आणि झटकन मागं सरली, जणू त्यांना तिचा हात लागलाच नव्हता.

दुसरा फाटा कापसाचा. प्रतिभानं सुधाकरला रीतसर बोलावून सांगितलं, की दादा, मी इथं चूल पेटवून राहिली, तुमचा कापूस तेवढा काढून घ्या. सुधाकर पोट धरून हसला.

"तुले स्टोव्ह नाही पेटवता येत. चूल पेटवते म्हणे."

हे खरं होतं. म्हणून प्रतिभानं वाद घातला नाही. ती चुलीसमोर पाट घेऊन बसली, हातात काडीपेटी धरली आणि तिचं खोकं उघडझाप करू लागली. उघडलं, बंद केलं. उघडलं, बंद केलं. काडी एकही ओढली नाही. पण ज्याच्या वर्षाचा कापूस हातभर अंतरावर पडलेला असतो त्याला त्या खोक्याचा आवाज फार मोठा ऐकू येतो. सुधाकर हसायचा थांबला. मग आत गेला. मग मोठेबाबा येऊन दारात उभे राहिले, अडकित्ता हातात होता की नव्हता हे प्रतिभानं मुद्दाम पाहिलं नाही.

"पोरी, काडी ठेव ते खाली."

"ठेवते ना मोठेबाबा. कापूस निघाला की ठेवते."

मोठेबाबांना चूल पेटवू नको असं म्हणता येत होतं, पण चूल पेटवणारी पोरगी ऐकेल याचा भरवसा त्यांना नव्हता. आणि कापसाला भरवसा लागतो. उन्हं यायच्या आत मोठेबाबा, सुधाकर आणि मोठीआई वच्छला या तिघांनी तो सगळा कापूस धोतराच्या पानांत, चादरीत, मिळेल त्यात बांधून बाहेर काढला. पाठोपाठ पंप गेला, पेट्या गेल्या, वखर गेला. अंगणात ठेवावा तर दव पडलेलं आणि शेजारच्या शेळ्या मोकळ्या. शेवटी तो कापूस भिंतीपलीकडं मोठेबाबांच्या बैठकीत जाऊन पडला. तिथंच भाऊकी बसायची होती.

ती बसली. दुसरीकडं जागाच नव्हती. यशवंतराव मोठ्या आबात आले, पांढरा फेटा, पांढऱ्या मिशा, आणि कापसावर टेकले ते बसतच गेले. कापूस वर आला, यशवंतराव खाली गेले. बाकीचे तिघंही एकेक करून तसेच बुडाले. भिंतीच्या फटीतून प्रतिभानं पाहिलं तेव्हा पांढऱ्या ढिगातून नुसती मुंडकी वर आलेली होती आणि ती गंभीर चेहऱ्यानं वंशाच्या मालमत्तेबद्दल बोलत होती.

तिसरा फाटा धुराचा.

नव्या चुलीवरचं पहिलं अन्न देवाचं. शनिवार होता, म्हणून जामसांवलीच्या मारुतीच्या नावानं रोडगे, म्हणजे निखाऱ्यात भाजायचे कणकेचे गोळे, करायचं ठरलं. आई म्हणाली, मी करते. प्रतिभा म्हणाली, चूल माझी, रोडगे माझे. (सैपाकाचा तिचा सगळा अनुभव होस्टेलच्या मेसमधला, आणि तोही ताटाच्या अलीकडचा.) तिनं कणीक भिजवली. पाणी जास्त झालं म्हणून पीठ घातलं, पीठ जास्त झालं म्हणून पाणी घालायचं ठरवलं, पण तोवर हात भरून आले होते. तशीच ती गोळे वळून मोकळी झाली. गोळे गोल झाले होते, एवढं तरी कोणीही कबूल केलं असतं.

जळण म्हणून परसातली पऱ्हाटी आणली. कापूस वेचून झाला की झाडं वाळवून जाळतात, तीच. पण यांना रात्रीचं दव लागलेलं. प्रतिभानं फुंकर मारली, पऱ्हाटीनं धूर दिला. आणखी फुंकर, आणखी धूर. जाळ काही येईना. धूर मात्र शहाण्यासारखा सरळ वर गेला, कवेलूंना टेकला, बाहेर पडायला वाट शोधू लागला आणि भिंतीच्या वरची आजोबांनी ठेवलेली ती मोकळी जागा त्याला सापडली. भावाभावांत हवा खेळती राहावी म्हणून ठेवलेली.

पलीकडं यशवंतराव नेमके म्हणत होते, की बाईच्या जातीनं घराच्या वाटणीत तोंड घालू नये. 'नये'च्या जागी खोकला आला. मग चौघंही खोकू लागले. धूर खाली उतरून कापसावर पसरला, आणि बाहेरून आत आलेल्या सुधाकरला एकच दिसलं. कापसातून धूर निघून राहिला.

"कापूस पेटला," असं ओरडून त्यानं न्हाणीतलं पाण्यानं भरलेलं घंगाळ दोन्ही हातांनी उचललं आणि ओतलं. नेम चांगला होता. यशवंतराव ढिगाच्या मधोमध होते.

पौषाची थंडी. सौंसरात पौषात सकाळी गाईसुद्धा उन्हाशिवाय उठत नाहीत. चार मोठी माणसं फेट्यापासून धोतरापर्यंत ओली, अंगभर कापूस चिकटलेला, अशी एकामागून एक बाहेर आली. लोकर कातरायची राहून गेलेल्या मेंढ्यांसारखी दिसत होती. मोठ्याआईचं सैपाकघर मागं होतं, तिथं पुरुषांनी जायची रीत नव्हती. ऊन अंगणात उतरलं नव्हतं. जवळपास आग एकाच ठिकाणी होती, कारण एवढ्यात पऱ्हाटी वाळली होती आणि प्रतिभाच्या चुलीनं पहिल्यांदा लालभडक जाळ धरला होता.

यशवंतराव दारात थांबले. चुलीकडं पाहिलं, स्वतःच्या धोतराकडं पाहिलं.

"सरक व पोरी थोडी," ते म्हणाले. "थंडी वाजून राहिली."

ते चुलीशी बसले. त्यांच्या मागून बाकीचे बसले, शेवटी मोठेबाबाही. त्यांनी बंडीच्या खिशातून हक्कसोडीचा कागद काढला. घंगाळाचं पाणी त्यांच्यावरही उडालं होतं, म्हणून तोही भिजला होता. मोठेबाबांनी तो दोन बोटांच्या चिमटीत धरून चुलीच्या उबेवर वाळत धरला. कागद पापडासारखा कडेनं वळू लागला. प्रतिभाच्या हातात फुंकणी होती. एक फुंकर मारली असती तर जाळ वर येऊन काम झालं असतं. पण तिला तो कागद जाळायचा नव्हता. धडधाकट कागदाला नाही म्हणायचं होतं.

कागद वाळला. मोठेबाबांनी पेन काढलं आणि कमलपुढं धरलं. आवाज चढवला नाही, उलट मऊ केला.

"घे कमल. आपण सारे एकाच घरचे. तुले कोणी बाहेर काढून राहिलं का?"

आणि कमलनं पेन घेतलं. सवयीनं. इतकी वर्षं त्या आवाजानं जे दिलं ते तिनं घेतलं होतं, पंप घेतला होता, वखर घेतला होता. सकाळपासून मांडलेलं सगळं त्या पेनाच्या टोकाशी येऊन थांबलं होतं.

"आधी प्रसाद," प्रतिभा म्हणाली. "जामसांवलीच्या मारुतीचा आहे."

देवाचं नाव निघाल्यावर कोण थांबणार नाही? पेन थांबलं. प्रतिभानं निखाऱ्यातले रोडगे ओढून राख झटकली, मारुतीच्या नावानं तुकडा काढून ठेवला आणि बाकीचे वाढायला घेतले. ते हातानं फुटेनात. दगडावर आपटून पाहिले. दगडाचा टवका उडाला. आईनं आतून वरवंटा आणून दिला. वरवंट्यानं ज्याचे जसे तुकडे पडले तसे द्रोणात घालून प्रतिभानं प्रत्येकाच्या हातात दिले. प्रसाद नाही म्हणता येत नाही, अर्धा टाकता येत नाही आणि तोंडातून काढता तर मुळीच येत नाही. चौघांनी तो कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. मोठेबाबांनीही.

अंबाआजीनं आपला तुकडा बोटानं ठोकून पाहिला.

"जामसांवलीचा मारुती निजलेला आहे," ती म्हणाली. "हा खाऊन उठून बसन." आणि तिनं तो पदरात बांधला. संध्याकाळी भिजवीन म्हणाली.

प्रतिभा उभी राहिली. वादविवाद स्पर्धेतलं भाषण तिला आठवलं, पण त्यातलं एकही वाक्य इथं बसेना.

"मोठेबाबा, मी सही करत नाही," ती म्हणाली. "आईही करणार नाही. ही खोली माझ्या वडिलांची होती, आता आमची आहे. लग्न करायचं तेव्हा मी करीन, आणि केलं तरी खोली माझीच राहील. कापूस पुन्हा इकडं येणार नाही. आणि अंबाआजी आजपासून ओसरीवर निजणार नाही, इथं निजेल."

कमलनं पेनाला टोपण लावलं. ते मोठेबाबांच्या पुढ्यात ठेवलं, हळूच, आवाज न करता. मग ती लेकीच्या शेजारी येऊन चुलीतलं लाकूड आत सारू लागली.

"यशवंता," अंबाआजी म्हणाली, "बोरगावले तूच म्हणला होता ना गा? चुलीवरचं खाल्लं म्हणजे वाटा मानला?"

यशवंतरावांनी मान हलवली. खाली, वर, पुन्हा खाली. ती होकाराची होती की घास घशाखाली लोटण्याची, हे त्या घरात पुढं बरीच वर्षं दोन्ही बाजूंनी सांगितलं गेलं. पण मान हलली, हे सगळ्यांनी पाहिलं.

मग कोणीच काही बोललं नाही. मोठेबाबा बोलले नाहीत. बोरगावचे यशवंतराव, जे जेवतानाही निवाडे देत, तेही बोलले नाहीत. भाऊकी गप्प होती. प्रतिभानं ती शांतता कानभर ऐकली. शिक्षणाचं बळ काय असतं ते आज या घराला कळलं, असं तिला वाटलं. मोजक्या वाक्यांत चार म्हाताऱ्यांची तोंडं बंद झाली होती. तिनं विजयानं एकेकाच्या चेहऱ्याकडं पाहिलं. सगळ्यांचे जबडे सावकाश, एका लयीत हलत होते, आणि डोळ्यांत पाणी होतं.

"तुह्या बोलण्यानं नाही व," अंबाआजी हळूच म्हणाली. "तोंडात रोडगा आहे त्याइच्या."

प्रतिभाला हे मुळीच पटलं नाही. तिनं मोठ्या रुबाबात उरलेला तुकडा उचलला, कचकन चावला, आणि मग त्या खोलीत बोलू शकणारी एकटी अंबाआजी उरली.